वाचकांचे प्रश्न : लहान रिव्हॉल्व्हर घेण्यापूर्वी

शस्त्र घ्यावे का, घेतल्यास कोणते घ्यावे आणि घेतल्यावर ते घरात कसे ठेवावे, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे मुद्दाम वगळली आहेत. निवडीविषयी जे लिहिले आहे, ते ज्यांना आपापल्या देशाच्या कायद्याने शस्त्र बाळगण्याची मुभा मिळाली आहे त्यांच्याचसाठी आहे.

प्रश्न : मला स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाना मिळाला आहे. माझी चण लहान आहे आणि हाताची पकड बेताची आहे. दुकानात पाहिलेल्या रिव्हॉल्व्हरांपैकी सर्वांत हलके, जेमतेम ४०० ग्रॅम वजनाचे, मला सर्वांत सोयीचे वाटले आणि विक्रेत्यानेही ‘स्त्रियांसाठी हेच योग्य’ असे सांगितले. तेच घ्यावे का?

उत्तर : कृपया लगेच घेऊ नका. दुकानात शस्त्र हातात घेतल्यावर ते बाळगणे किती सोपे आहे एवढेच कळते. ते झाडणे किती अवघड आहे हे तिथे कळत नाही, आणि लहान रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत या दोन गोष्टी नेमक्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. गोळी ज्या जोराने पुढे जाते, त्याच जोराने शस्त्र मागे ढकलले जाते. काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन निम्मे केले, तर त्याच्या धक्क्याची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. लहान चणीच्या व्यक्तीला हलके शस्त्र सोयीचे, हा विक्रेत्याचा सल्ला म्हणूनच मला उलटा वाटतो. ज्याचे मनगट भक्कम आहे तो हा धक्का कसाबसा पचवतो; आपल्यासारख्यांना तो चार-पाच गोळ्यांतच नकोसा होतो आणि मग सराव बंद पडतो.

दुसरी अडचण चापाची आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पूर्ण ओढताना तोच हॅमर, म्हणजे काडतूस उडवणारा घोडा, मागे नेतो आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसांचे कप्पे असलेले गोल नळकांडे, तेही फिरवतो. लहान रिव्हॉल्व्हरमध्ये त्यासाठी साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो. अर्ध्या किलोहून कमी वजनाची वस्तू हातात स्थिर धरून तिच्यावर एका बोटाने पाच किलोचा जोर द्यायचा आणि तेवढ्या वेळात तिचे तोंड हलू द्यायचे नाही, असे हे काम आहे. त्यातच नळी पाच सेंटिमीटरच्या आसपास असल्याने नेम धरण्यासाठीची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातले अंतर फार थोडे असते, आणि डोळ्याला न दिसणारी नेमातली चूक लक्ष्यापर्यंत पोहोचताना वाढत जाते. नेमबाजीत मुरलेले लोक लहान रिव्हॉल्व्हरला तज्ज्ञाचे शस्त्र म्हणतात ते याच कारणाने. ते नवशिक्याच्या हाती सर्वाधिक दिले जाते, ही मला खरोखर काळजीची गोष्ट वाटते.

आता प्रत्यक्ष पर्याय पाहू. या वर्गाचा साचा जुना आहे. कोल्टचे डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ साली आले आणि त्यात सहा काडतुसे बसत. स्मिथ अँड वेसनचे पुढे मॉडेल ३६ म्हणून ओळखले गेलेले पाच काडतुसांचे रिव्हॉल्व्हर १९५० साली आले; ते पोलादी असून त्याचे वजन ५५० ग्रॅमच्या आसपास भरते. त्याच आकाराच्या सांगाड्यावरचे ॲल्युमिनियम मिश्रधातूचे मॉडेल ६४२ हे ४०० ते ४२५ ग्रॅमचे आहे. रुगर कंपनीने २००९ साली आणलेले एलसीआर त्याहूनही किंचित हलके आहे, मात्र त्याचा चाप मूळचाच बराच मऊ चालतो आणि अनेकांना त्याचा उपयोग होतो. याच कंपनीचे पोलादी एसपी १०१ मात्र ७३० ग्रॅमच्या पुढे जाते. आपल्या वर्णनावरून मी आपल्याला मॉडेल ३६ च्या वजनापासून एसपी १०१ च्या वजनापर्यंतच्या पट्ट्यात शोध घ्यायला सांगेन. ते अंगावर बाळगताना थोडे जाणवेल, पण त्याने आपण सराव कराल.

काडतुसाच्या बाबतीत (नावातला आकडा गोळीचा इंचातला साधारण व्यास सांगतो) .३८ स्पेशल हा सरळ आणि समंजस पर्याय आहे. .३५७ मॅग्नम हे १९३५ साली आलेले काडतूस त्याच व्यासाचे, पण किंचित लांब आणि कितीतरी जोरदार आहे. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालते, उलट मात्र चालत नाही, म्हणून पोलादी .३५७ रिव्हॉल्व्हर घेऊन त्यात .३८ वापरणे ही चांगली तडजोड ठरते. अतिहलक्या रिव्हॉल्व्हरमधून .३५७ झाडण्याचा मोह मात्र कोणीही करू नये. छोट्या नळीमुळे दारूचा बराच भाग बाहेर येऊन जळतो, आवाज आणि झगझगाट असह्य होतो, आणि धक्क्याने शेजारच्या कप्प्यातल्या काडतुसाची गोळी पुंगळीतून, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचातून, पुढे सरकून सिलिंडर अडकल्याचीही उदाहरणे आहेत. हात फारच दुखरा असेल, संधिवात असेल, तर .३२ च्या घराण्यातली काडतुसे पाहावीत. धक्का कमी असतो आणि बहुधा तेवढ्याच आकारात पाचाऐवजी सहा काडतुसे बसतात. .२२ चा धक्का तर नाममात्र असतो, परंतु त्याची काडतुसे न उडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते आणि त्याच्या रिव्हॉल्व्हरचा चाप बहुधा अधिकच जड असतो, म्हणजे ज्या बोटासाठी ते घ्यायचे त्याच बोटाला ते जड जाते.

मुठीकडे दुर्लक्ष करू नका. करंगळीलाही आधार देणारी रबरी मूठ बसवली तर तेच शस्त्र वेगळे वाटू लागते, आणि हा बदल नव्या रिव्हॉल्व्हरपेक्षा कितीतरी स्वस्त असतो. अंगावर बाळगायचे असेल तर हॅमर आत झाकलेला असलेला प्रकार घ्यावा, कारण बाहेर आलेला हॅमर कपड्यात अडकतो. आणि शस्त्र खिशात किंवा पिशवीत मोकळे कधीही टाकू नये. चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर, म्हणजे शस्त्राचे म्यान, हवे आणि त्या कप्प्यात किल्ली, नाणे, लेखणी असे दुसरे काहीही असता कामा नये.

शेवटचे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे : प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली नेमबाजीच्या रेंजवर वेगवेगळ्या वजनांची दोन-तीन रिव्हॉल्व्हरे स्वतः झाडून पाहा. प्रत्येकातून पंचवीसेक गोळ्या झाडल्यावर ज्यातून पुन्हा झाडावेसे वाटेल, ते आपले.

प्रश्न : माझे मित्र म्हणतात की रिव्हॉल्व्हर कालबाह्य झाले असून आज लहान पिस्तूलच घ्यावे. दुसरीकडे ‘रिव्हॉल्व्हर कधीच अडकत नाही’ असेही ऐकतो. खरे काय?

उत्तर : दोन्ही विधाने अर्धवट आहेत. आजचे लहान पिस्तूल रिव्हॉल्व्हरपेक्षा चपटे असते, त्यात दुप्पट काडतुसे बसतात, चाप हलका असतो आणि ते पुन्हा भरायला फार कमी वेळ लागतो. सरावासाठी वेळ देऊ शकणाऱ्याला मी बहुधा पिस्तूलच सुचवेन. रिव्हॉल्व्हरची बाजू अशी की त्यात पिस्तुलासारखी स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढावी लागत नाही, ढिल्या पकडीने त्याचे चक्र बिघडत नाही, एखादे काडतूस उडाले नाही तर चाप पुन्हा ओढताच पुढचे समोर येते, आणि सिलिंडर बाहेर काढले की ते भरलेले आहे की रिकामे हे पाहणाऱ्याला एका नजरेत कळते. या शेवटच्या गुणाचे मोल मला फार वाटते. पिस्तुलातून मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढल्यावरही नळीत एक काडतूस राहू शकते, आणि ‘रिकामेच होते’ अशा समजुतीतून झालेल्या अपघातांमागे हे कारण पुष्कळदा असते.

रिव्हॉल्व्हर अडकतच नाही हे मात्र खरे नाही. पुंगळ्या बाहेर काढणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या भागाखाली दारूचे न जळलेले कण साचले तर सिलिंडर जाम होते, आणि लहान रिव्हॉल्व्हरचा पुंगळ्या ढकलणारा दांडा आखूड असल्याने रिकाम्या पुंगळ्या पूर्ण बाहेर येत नाहीत. पिस्तूल अडखळले तर शिकलेला माणूस ते काही क्षणांत मोकळे करतो. रिव्हॉल्व्हर अडकले तर बहुधा कारागिराकडेच न्यावे लागते. पिस्तुलाची सवय असलेल्यांसाठी एक इशारा आवश्यक आहे. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून अतितप्त वायू बाजूला फेकला जातो, त्यामुळे आधाराच्या हाताची बोटे किंवा अंगठा त्या फटीजवळ कधीही येऊ देऊ नये.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर त्यांचे जुने रिव्हॉल्व्हर कायदेशीर मार्गाने माझ्या नावावर झाले आहे. ते वापरण्यायोग्य आहे का, हे कसे ओळखावे?

उत्तर : ते वापरायचे की केवळ आठवण म्हणून जपायचे, हे कारागिराने तपासल्यावर ठरवा. जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरांमध्ये हॅमरवर आघात झाल्यास गोळी सुटणार नाही अशी अंतर्गत अडथळ्याची सोय नसते. म्हणूनच पूर्वी हॅमरखालचा कप्पा रिकामा ठेवण्याची रीत होती, आणि आपल्या शस्त्रात ती सोय असल्याची खात्री होईपर्यंत ती रीत पाळावी. कारागीर पुढील गोष्टी पाहील : चाप पूर्ण ओढून धरल्यावर सिलिंडर जागच्या जागी घट्ट बसते का, प्रत्येक कप्पा नळीच्या बरोबर समोर येतो का, सिलिंडर पुढेमागे हलते का आणि नळीच्या मागच्या तोंडाला तडा गेला आहे का. कप्पा समोर नीट येत नसेल, तर गोळीचा कापला गेलेला तुकडा बाजूला उडून शेजारी उभ्या असलेल्याला इजा होऊ शकते. कित्येक वर्षे पडून राहिलेली काडतुसे मात्र तपासत बसू नका; ती नियमानुसार जमा करून टाका. शस्त्रावर कोरलेल्या काडतुसाच्या नावाशी नवीन काडतूस शब्दशः जुळले पाहिजे, ‘जवळपास तेच’ चालत नाही.

प्रश्न : माझे मोठे बंधू अमेरिकेत असतात आणि शस्त्र बाळगणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे ते मानतात. मी ते समाजासाठी घातक समजतो. प्रत्येक भेटीत आमचा वाद होतो. यात योग्य कोण?

उत्तर : आपण दोघे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहात, असे मला वाटते. बंधू ‘संकटात सापडलेल्या एका माणसाला काय करता यावे’ हे सांगत आहेत. आपण ‘सर्वांच्या हाती शस्त्र आल्यास समाजाचे काय होते’ हे विचारत आहात. दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि जगातील देशांनी त्यांची उत्तरे फार निरनिराळी दिली आहेत.

अमेरिकेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयीची राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती हा वादाचा पाया आहे. २००८ साली हेलर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर ठेवणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचे स्पष्ट केले, आणि त्याच निकालात हा हक्क अमर्याद नसल्याचेही नोंदवले. बंधूंशी बोलताना हा दुसरा भाग त्यांच्या लक्षात आणून द्यावा. २०२२ सालच्या ब्रुएन खटल्याने हा हक्क घराबाहेरही नेला, आणि आज निम्म्याहून अधिक राज्यांत प्रौढ नागरिकाला परवान्याशिवायही शस्त्र अंगावर बाळगता येते. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी स्वसंरक्षण हे प्रमुख कारण सांगितले होते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला जपान आहे. तिथे १९५८ च्या कायद्याचा आरंभच मनाईपासून होतो आणि सामान्य नागरिकाला पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मिळणे जवळजवळ अशक्य असते. आपल्या विषयाशी जवळची गोष्ट ही की त्याच जपानमधल्या गस्तीच्या पोलिसांच्या कमरेला दीर्घकाळ न्यू नांबू हे पाच काडतुसांचे लहान .३८ रिव्हॉल्व्हर असे. ब्रिटनमध्ये १९९६ साली डनब्लेन येथील शाळेत सोळा बालके आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्यानंतर १९९७ च्या कायद्यांनी हातबंदुकांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. ऑस्ट्रेलियाने १९९६ सालीच पोर्ट आर्थरमध्ये ३५ लोक मारले गेल्यावर सुमारे साडेसहा लाख शस्त्रे पैसे देऊन परत घेतली. तिथे स्वसंरक्षण हे परवान्याचे कारण म्हणून मानलेच जात नाही, आणि नेमबाजीसाठी हातबंदूक हवी असणाऱ्याला क्लबच्या ठरावीक कार्यक्रमांत भाग घ्यावाच लागतो. कॅनडाने ऑक्टोबर २०२२ पासून हातबंदुकांची नवी खरेदी-विक्री गोठवली. भारतातील १९५९ चा शस्त्र कायदा परवानगीच्या तत्त्वावर उभा आहे : अर्जदाराने कारण द्यायचे, शासनाने ते तपासायचे, २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादाही तीनवरून दोनवर आणली.

आपणा दोघांना एकत्र बसून अभ्यासता येईल असे उदाहरण मला चेक प्रजासत्ताकाचे वाटते. त्या देशाने २०२१ साली आपल्या मूलभूत हक्कांच्या सनदेत शस्त्राने स्वतःचे किंवा दुसऱ्याचे प्राण वाचवण्याचा हक्क घातला, परंतु कायद्याने घातलेल्या अटींच्या अधीन राहून. तिथे स्वसंरक्षण हे परवान्याचे मान्य कारण आहे, आणि परवान्यापूर्वी लेखी परीक्षा, शस्त्र हाताळण्याची प्रत्यक्ष परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते. हक्क मान्य करून पात्रता सिद्ध करायला लावणे ही भूमिका मला सर्वांत न्याय्य वाटते. ज्याला स्वतःच्या जिवाचे रक्षण करायचे आहे त्याला नाकारू नये. पण ज्याला सिलिंडर उघडून ते रिकामे आहे का हे पाहताही येत नाही, त्याच्या हाती ते देऊही नये.

आकड्यांचा आधार घेताना दोघांनीही सावध राहावे. अमेरिकेत बंदुकीने स्वतःचा बचाव किती वेळा होतो, याचा १९९५ साली प्रसिद्ध झालेला अंदाज वर्षाला सुमारे २५ लाख होता, तर सरकारी गुन्हेपीडित पाहणीवरून निघणारा अंदाज साठ हजार ते एक लाखाच्या आसपास येतो. एवढी तफावत असेल, तर कोणताही एक आकडा घेऊन भावाला गप्प करणे योग्य नव्हे.

प्रश्न : परिसरात चोऱ्या झाल्यापासून माझे पती घरात रिव्हॉल्व्हर आणण्याचा आग्रह धरत आहेत. माझा जीव घाबरतो. आमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, गेले काही महिने तो खोलीतून फारसा बाहेर येत नाही आणि कोणाशी बोलत नाही. पती म्हणतात, ‘कपाटात वर ठेवू, त्याला कळणारही नाही.’

उत्तर : आपली भीती रास्त आहे आणि या पत्राचे उत्तर मी जराही न कचरता देतो : सध्या आपल्या घरात शस्त्र येऊ नये.

चोराची शक्यता पतींना दिसते, कारण ती बाहेरून येते. परंतु अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्यांचे असतात. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार ज्यांना बंदूक सहज उपलब्ध होती, त्यांच्यात आत्महत्येची शक्यता सुमारे तिपटीने अधिक आढळली. शस्त्राने मनात दुःख निर्माण होते असे नाही. आत्मघाताची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोडा वेळ टिकणारी असते, तो वेळ निभावला की मदत पोहोचू शकते, आणि त्यातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदूक हाताशी असेल तर तो वेळच मिळत नाही.

‘त्याला कळणार नाही’ हे तर मुळीच गृहीत धरू नये. घरातली लपवलेली वस्तू मुलांना ठाऊक असते, हे बहुतेक आईवडिलांना उशिरा समजते. मुलाशी आजच बोला, थेट विचारा. जगणे नकोसे वाटते का, असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट कोणीतरी विचारले याने मन मोकळे होते. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या आणि पतींनीही सोबत जावे. तो काही धोक्याचे बोलला, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी तातडीची मदत घ्या. चोरीच्या भीतीवर मजबूत दार, चांगले कुलूप, प्रकाश आणि शेजाऱ्यांशी संपर्क हे उपाय आजपासूनच करता येतात, आणि ते मुलाला धोका न पोहोचवता करता येतात.

हे उत्तर ज्यांच्या घरी शस्त्र आधीच आहे त्यांनाही लागू आहे. शस्त्र रिकामे करून कुलूपबंद पेटीत, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि किल्ली किंवा सांकेतिक क्रमांक एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा. घरातील कोणीही मानसिक संकटात असेल तर शस्त्र कायद्यानुसार अधिकृत ठिकाणी तात्पुरते जमा करावे. घरात लहान मूल असलेल्यांनी रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो या गोष्टीवर विसंबू नये. लहान मूल दोन्ही अंगठे लावून तो दाबू शकते.

प्रश्न : रेंजवर महिन्यातून एकदाच जाता येते. घरी रिकाम्या रिव्हॉल्व्हरने सराव केला तर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि लहान रिव्हॉल्व्हरसाठी तोच सर्वाधिक उपयोगी सराव आहे, कारण खरी कसोटी चाप सावकाश आणि सलग ओढताना माशी स्थिर ठेवण्याची असते. .२२ च्या शस्त्राने असा सराव करू नये. त्यात हॅमरचा आघात थेट कप्प्याच्या कडेवर होऊन नुकसान होऊ शकते. इतरांसाठी खोटी सराव-काडतुसे मिळतात, ती वापरावीत.

रिकामे करण्याची पद्धत ठरलेली असू द्या. सिलिंडर उघडा, सर्व कप्पे डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा, आणि खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून या. नेम धरायची भिंत गोळी अडवू शकेल अशी निवडा. शस्त्र रिकामे असले तरी तोंड माणसाकडे नको आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. दहा मिनिटे पुरतात. सराव संपल्याचे स्वतःशी मोठ्याने म्हणा आणि शस्त्र लगेच पेटीत ठेवा, कारण नकळत गोळी सुटण्याचे अपघात पुष्कळदा सरावात न होता सराव संपवून काडतुसे भरल्यानंतर ‘आणखी एकदा’ चाप ओढून पाहताना होतात.